अडीचकीचा साहेब

यवतमाळच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, पंख्याखालची खुर्ची धरून बसलेला एक तरी 'साहेब' भेटतोच. तो आर्णीचा असेल, घाटंजीचा असेल, नाहीतर थेट झरी-जामणीचा. शिक्षण बी.ए., विषय राज्यशास्त्र. साहेब ही पदवी गावानं दिलेली. लोकसेवा आयोगाचं अजून ठरायचं आहे. पेसा कायदा १९९६ चा, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगतो. वसंतराव नाईक किती काळ मुख्यमंत्री होते असं विचारा, वर्षांच्या जोडीला महिनेही मिळतील. नाईकांचं पुसद याच जिल्ह्यात असल्यामुळे हा त्याला घरचा प्रश्न वाटतो. फक्त नळ, आगगाडी किंवा मजूर यांपैकी काहीही प्रश्नात दिसलं, की साहेबांना तहान लागते आणि ते उठून माठाकडे जातात.

दोष सगळा त्याचा नाही. उदाहरणं रचणाऱ्यांनी यवतमाळ पाहिलेलं नसावं. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, असं पुस्तक म्हणतं. निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांचा तळ ज्यानं उन्हाळ्यात पाहिलाय, त्याच्या डोक्यात पहिली शंका येते ती नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार ही. विरुद्ध दिशांनी येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना किती सेकंदांत ओलांडतील? त्याच्या लहानपणीची गाडी म्हणजे मूर्तिजापूरची शकुंतला. नॅरोगेज, रूळ एकच. तिच्या समोरून दुसरी आली असती, तर हिशेब सेकंदांचा राहिलाच नसता. आता शकुंतला बंद झाली, आणि वर्ध्याहून येणारी नवी ब्रॉडगेज फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत सुरू झाली, तेव्हा साहेबांनी ती बातमी चालू घडामोडींच्या वहीत उतरवली, वेग-वेळ-अंतराच्या नव्हे.

राहिले मजूर. बारा मजूर आठ दिवसांत शेत निंदतात, तर सोळा मजूर किती दिवसांत? हे त्यानं एकदा मोठ्यानं वाचलं. "सोळा मजूर भेटतेत कुठी, थे सांग पयले," आई चुलीजवळून म्हणाली. हे उत्तर चारही पर्यायांत नव्हतं.

राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत सीसॅट, म्हणजे गणित, तर्क आणि उताऱ्यांचा पेपर, आला २०१३ साली. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. त्या काळात हे गुण थेट गुणवत्तेत धरले जात, म्हणून इंजिनिअर मंडळी दुपारच्या पेपरात पुढे निघून जात आणि कला शाखेची पोरं सकाळच्या पेपराची कमाई दुपारी घालवून बसत. यूपीएससीनं २०१५ मध्ये हा पेपर फक्त पात्रतेपुरता केला. आपल्या आयोगानं तेच २०२२ मध्ये केलं. ३३ टक्के मिळवा आणि सुटा. त्या दिवशी साहेबांनी दत्त चौकात सगळ्यांना चहा पाजला.

आणि तिथूनच, गणित टाळण्यासाठी, त्याचं गणित सुरू झालं.

३३ टक्के म्हणजे ६६ गुण. एका प्रश्नाला अडीच, म्हणजे सत्तावीस बरोबर आले की साडेसदुसष्ट. चुकीला पाव भाग कापतात, म्हणजे ०.६२५. तीस बरोबर असतील तर चौदा चुका चालतात, ६६.२५ उरतात, पंधरावी झाली की ६५.६२५, आणि साहेब घरी. हे सगळं तो कागदाशिवाय सांगतो, तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत. चार पर्यायांतून डोळे मिटून ठोकत गेलं, तर शंभरामागे सरासरीनं पंचवीस लागतात, पंचाहत्तर चुकतात, तरी साडेपंधराच्या वर गुण हातात राहतात, हेही त्यानं काढून ठेवलंय. यूपीएससी एक तृतीयांश कापते, तिथे हाच हिशेब बरोबर शून्यावर येतो, म्हणून "दिल्लीचं काही खरं नाही" असं त्याचं मत आहे. 'संभाव्यता' हे प्रकरण मात्र त्यानं आर. एस. अगरवालच्या पुस्तकात स्टेपल करून टाकलंय.

त्याची खरी मदार उताऱ्यांवर आणि शेवटच्या पाच प्रश्नांवर. ते निर्णयक्षमतेचे, चुकीला कापाकापी नाही. पूर आलाय, रस्ता बंद आहे, तुम्ही तहसीलदार आहात, काय कराल? इथे साहेब ताठ बसतात. गेली काही वर्षं ते मनातल्या मनात तहसीलदारच आहेत.

घरची गोष्ट वेगळी. बाबांची शाळा चौथीत सुटली, पण पावकी, दिडकी, अडीचकीचे पाढे तोंडात आहेत. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. बारा क्विंटल चाळीस किलोचे किती, हे बाबांनी जिनिंगच्या फाटकात उभ्या उभ्या सांगितलं: त्र्याण्णव हजार दोनशे साठ. साहेबांनी मोबाइल काढेपर्यंत बाबा ओलाव्याची कपात धरून पुढच्या हिशेबाला लागले होते. घरी आल्यावर बाबांनी आयोगाचा अडीच गुणांचा कारभार ऐकून घेतला आणि म्हणाले, "एवढं तं येते तुले. मंग पेपरात काहून नाही येत?"

एप्रिल २०२५ मध्ये यवतमाळच्या ऑटोरिक्षाचालकाची मुलगी अदीबा अनम यूपीएससीत देशात १४२ वी आली, तेव्हापासून हा प्रश्न शेजारचेही विचारतात.

परीक्षा झाली. उत्तरतालिका आली त्या रात्री अभ्यासिकेत मोजणी सुरू झाली: तीस बरोबर, पंधरा चूक. साहेबांनी तीनदा मोजलं. आता एकच वाट, हरकत. ठोकलेल्या प्रश्नांपैकी एक त्यांनी निवडला, दोन गाड्यांचा. आयोगाचं उत्तर चुकलंय हे दाखवायचं तर गणित सोडवावं लागणार, म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अगरवाल उघडून वेगांची बेरीज केली, किलोमीटरचे मीटर केले, पाच छेद अठरानं गुणलं. रात्री दीडला उत्तर आलं. पायरीन् पायरी बरोबर होती. उत्तर आयोगाचंच होतं.

साहेबांनी तो कागद बाजूला सारला आणि हरकतीसाठी उताऱ्यावरचा प्रश्न शोधायला घेतला.