पांढऱ्या कपड्यांतल्या चौघांस

श्री., सौ., चि. आणि कु. यांस,
मु. पो. क्रूझचं माहितीपत्रक, पान पहिलं

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं आडनाव कुठे छापलेलं नाही, म्हणून नुसत्या उपाध्यांवर पत्र धाडते आहे. ते पोचेल याची खात्री आहे, कारण तुम्ही सगळीकडे असता. जहाज बदललं, एजंट बदलला, समुद्र बदलला, तरी कठड्याला टेकून हसणारे चौघं तुम्हीच. पांढरेशुभ्र सदरे, अनवाणी पाय आणि भर वाऱ्यात न विस्कटणारे केस. अरबी समुद्रावर हसता, मलाक्काच्या सामुद्रधुनीत हसता, भूमध्य समुद्रात तर तुमचे दात मिटतच नाहीत.

येत्या दिवाळीत सगळ्या घरानं मिळून क्रूझला जायचं, असा बेत आमच्या भावजींनी काढला आणि तुमचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आपणही असेच!’ त्या दिवसापासून घरात तीन तट पडले आहेत. त्याबद्दल तुमचे आभार मानावेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

एक विचारू? तुमच्या घरी म्हातारं माणूस नाही का हो? आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. इतकं आटोपशीर कुटुंब मी कुटुंबनियोजनाच्या जाहिरातीनंतर तुमच्याकडेच पाहिलं. त्या जाहिरातीत निदान लाल त्रिकोण तरी असायचा, म्हणजे हे सरकारचं म्हणणं आहे हे कळायचं. तुम्ही मात्र ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ या शब्दांखाली उभे राहता. आमचं संपूर्ण कुटुंब ऐका. नाना, वय अठ्ठ्याहत्तर, उजवा गुडघा बदललेला, डावा रांगेत. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आईच म्हणतो. आत्याबाई, नानांची धाकटी बहीण, कांदा-लसूण वर्ज्य. भावजी आणि धाकट्या जाऊबाई, त्यांचा दोन वर्षांचा बंड्या. आम्ही दोघं, आणि आमचा चौदा वर्षांचा चिरंजीव, जो वाय-फाय असेल तिथेच माणसांत असतो. आता या सगळ्यांना पांढरे कपडे घालून कठड्याशी उभं करून दाखवा.

पहिला घाव जाऊबाईंवर बसला. त्यांना दिवस गेले आहेत, दिवाळीत सहावा महिना सरत आलेला असेल. बहुतेक क्रूझ कंपन्यांचा नियम असा, की प्रवास संपायच्या आत गरोदरपणाचा 24 वा आठवडा लागणार असेल, तर जहाजावर चढताच येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा नाहीतर देवाची. हा नियम माहितीपत्रकात होता. तुमच्या अनवाणी पायांच्या खाली, मुंगीच्या अक्षरात.

मग मे महिना, भावजी म्हणाले. तोवर बाळ जेमतेम तीन महिन्यांचं. आणि तान्ह्या बाळाला सहा महिने पुरे झाल्याशिवाय जहाज घेत नाही. महासागर ओलांडायचा असेल, तर वर्ष. शिवाय मे महिन्यातला अरबी समुद्र म्हणजे भरवशाचा सोबती नव्हे. 2021 साली तौक्ते चक्रीवादळ आलं ते मे महिन्यातच. जूनपासून पावसाळा, तेव्हा मुंबईहून जहाजं सुटत नाहीत. म्हणजे हिशोब सरळ पुढच्या दिवाळीवर गेला. गंमत बघा, तोवर बंड्या तीन वर्षांचा होईल, आणि जहाजांवरचे मुलांचे क्लब बहुधा तीन वर्षांपासूनच मूल घेतात, तेही डायपर सुटलेलं असेल तर. डायपरवाल्या मुलाला बहुतेक जहाजांच्या तरणतलावातही उतरू देत नाहीत. म्हणजे या वर्षी गेलो असतो, तर बंड्यानं सगळा प्रवास निळ्या पाण्याकडे बोट दाखवून भोकाड पसरण्यात घालवला असता. मुहूर्त शेवटी काढला तो पोटातल्या बाळानं. तुमच्या चि. आणि कु. यांना मात्र वयच नसतं. दहा वर्षं झाली, कु. च्या पुढच्या दातांची खिडकी भरली नाही.

आता खोलीचं बोलू. तुम्ही कायम वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला, बाल्कनीत. फोटो छानच येतो. पण लाटांवर जहाज सर्वांत जास्त हलतं ते पुढच्या-मागच्या टोकांना आणि उंचावर. सर्वांत कमी हलतं मधोमध, खालच्या मजल्यांवर. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंख असतात, ते डाव्या-उजव्या झोल्यांना आवर घालतात. पुढून वरखाली होणं त्यांनाही फारसं आवरत नाही. आमच्या घरात आईंना ताम्हिणी घाटातसुद्धा गाडी लागते. त्यांना तुमच्या बाल्कनीत बसवलं, तर बोट लागून दोन दिवस त्या फक्त बादली बघतील. त्यामुळे आम्ही मधोमधची, खालची खोली शोधतो आहोत, जिच्या डोक्यावर नाचघर नाही आणि पायाखाली नाट्यगृह नाही. एजंटानं जहाजाचा नकाशा पाठवायला किती वेळ लावावा? ‘मॅडम, सगळ्या रूम सेम असतात.’ सगळ्या सेम असतात, तर भाव निरनिराळे का हो लावता?

आणि ते भाव! ‘अमुक हजारांपासून पुढे.’ त्या ‘पासून’मध्ये बिनखिडकीची खोली असते, आणि तीही दोघांनी मिळून घेतली तर दरडोई. नाना पहाटे चारला उठतात. बिनखिडकीच्या खोलीत दिवस उजाडला की नाही हे त्यांना घड्याळाला विचारावं लागेल. एकट्या माणसानं खोली घेतली, तर जवळजवळ दोघांचं भाडं. म्हणजे आत्याबाईंना जोडीदार हवा, आणि उरतो कोण, तर आमचा चिरंजीव. ती दोघं एका खोलीत तीन रात्री! एकीला पहाटे विष्णुसहस्रनाम, दुसऱ्याला पहाटे झोप लागते. तिसरा-चौथा माणूस त्याच खोलीत घातला, तर स्वस्त पडतो, पण त्याचा पलंग छतातून खाली येतो आणि शिडी चढावी लागते. यावर बंदराचे कर, जीएसटी, शिवाय दर माणशी दर रात्री सेवाशुल्क. बंड्याचंही सेवाशुल्क! चिरंजीवाच्या वाय-फायचं वेगळं. त्याला आधीच बजावून ठेवलं आहे, की किनारा सुटला की फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर जहाजाचं नेटवर्क आपोआप पकडेल आणि बिल बघून त्याच्या बाबांना समुद्राशिवाय चक्कर येईल.

तुम्ही यातलं काय भरलंत? की तुम्हाला फुकट?

भावजींचा जीव सर्वांत जास्त तुमच्या लक्षद्वीपच्या फोटोवर. पाचूसारखं पाणी, पांढरी वाळू, तुम्ही चौघं गुडघाभर पाण्यात. पाणी तसं आहेच, त्यात खोट नाही. पण ती बेटं प्रवाळाची, भोवती उथळ सरोवर. मोठं जहाज आत जाऊ शकत नाही. ते खोल समुद्रात थांबतं आणि माणसांना छोट्या होड्यांत उतरवून नेतात. परवाना लागतो तो वेगळाच. हे वाचल्यावर नाना पहिल्यांदा चर्चेत पडले. भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीनं गावी जाणाऱ्यांतले ते. तिथेही बोट किनाऱ्याला लागायची नाही. माणसं, ट्रंका, पेट्या सगळं पडावात उतरायचं. बोट एका लाटेवर, पडाव दुसऱ्या लाटेवर, आणि दोन्ही क्षणभर एका पातळीवर आली की पाय टाकायचा. ‘सहा वर्षांचा असताना खलाशानं मला बखोटीला धरून पडावात टाकला होता,’ नाना म्हणाले, ‘आता कोण टाकणार?’ भावजींनी व्हीलचेअरचं नाव काढलं. अहो, समुद्र खवळलेला असला की व्हीलचेअरवरच्या माणसाला होडीत घेतच नाहीत. लक्षद्वीप तुमच्यासारख्या चौघांचं. नाना शाबूत हवे असतील, तर आमचं नाही.

मग युरोप निघालं. तुम्ही रोममध्ये कारंज्यापाशी उभे होतात ना, आणि खाली लिहिलं होतं ‘दिवस तिसरा : रोम’? जहाज रोमला जात नाही. ते चिविताव्हेक्कियाला लागतं, तिथून रोम साधारण 70 किलोमीटर. फ्लॉरेन्स म्हणून छापतात ते बंदर लिव्होर्नो, तिथूनही फ्लॉरेन्स तासाभराहून जास्त. आशियातही तीच तऱ्हा : क्वालालंपूर म्हणजे पोर्ट क्लांग, बँकॉक म्हणजे लाएम चाबांग, शंभराहून जास्त किलोमीटर लांब. सकाळी उतरा, बसमध्ये बसा, कारंज्यापाशी फोटो काढा, बसमध्ये बसा, आणि जहाज सुटायच्या चांगलं आधी परत या. जहाजाच्या सहलीत असाल, तर ते तुमच्यासाठी थांबतं. स्वतःच्या टॅक्सीनं गेलात आणि उशीर झाला, तर तुम्हाला जहाजाचा मागचा भाग नीट बघायला मिळतो. एवढ्यासाठी सगळ्यांचे शेंगेन व्हिसा काढायचे आणि नानांनी बसमध्ये सगळा दिवस पाय मुडपून बसायचं? सिंगापूरची जहाजं आमच्यासारख्यांना बरी, हे कबूल. तिथे भारतीय शाकाहारी आणि जैन जेवण आधी सांगून नीट मिळतं, आत्याबाईंचा प्रश्न सुटतो. पण रात्रीचं विमान आणि एक नव्हे, दोन लहान मुलं, यावर जाऊबाईंनी नुसतं भावजींकडे पाहिलं. तो विषय तिथेच संपला.

तेव्हा सध्या मुंबई-गोवा-मुंबईवर आलो आहोत. दोन-तीन रात्री, जास्त नाहीत. पहिल्यांदाच जाणाऱ्या घरानं सात रात्रींचं पॅकेज घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे; तिसऱ्या दिवशी कुणाचं काय बिनसेल सांगता येत नाही, आणि भर समुद्रात ‘मी घरी चालले’ म्हणता येत नाही. गोव्यात मार्मागोव्याला जहाज धक्क्याला लागतं. नाना काठी टेकत जिन्यानं उतरतील, पडावाची गरज नाही. भावजींना हा बेत ‘फार साधा’ वाटतो. त्यांना म्हणावं, तुमचा गुडघा बदलला की बोलू.

एक गोष्ट तुम्ही कधीच दाखवत नाही. केशरी लाइफजॅकेट. पांढऱ्यावर विजोड दिसत असेल. 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडली, 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची बचावाची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम कडक झाला. आता कवायत जहाज सुटायच्या आधी नाहीतर सुटल्यासुटल्या होते, आणि ती सगळ्यांना सक्तीची. आपल्याला कुठे जमायचं हे नानांनी ऐकलं का, आणि ऐकलं तर समजलं का, हे मला बघावं लागणार. तुमच्या घरी हे कोण बघतं?

आणि फराळ! दिवाळीला निघायचं म्हणजे आई चकल्या, लाडू, चिवड्याचे डबे भरणार. जहाजावर बहुधा घरी शिजवलेलं नेऊ देत नाहीत, कारखान्यात बंद केलेली पाकिटं चालतात. म्हणजे आईंची चकली तपासणीत अडणार आणि दुकानातली चकली मानानं चढणार. हे त्यांना सांगायला अजून कुणी पुढे आलेलं नाही. भावजी तर त्या दिवशी कामात असतात.

खरं सांगायचं, तर सौ., मला तुमच्याशीच जरा बोलायचं होतं. फोटोत तुम्ही नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून क्षितिज बघता. त्याऐवजी छापणाऱ्याला सांगा ना, एका टेबलाशी पंचावन्न-साठीची बाई बसलेली दाखव. तिचं जेवण झालंय, ताट समोरच आहे, आणि ते उचलायला ती उठत नाहीये. मागून कुणीतरी येऊन ते घेऊन जातंय. एवढंच. आमच्या आईंनी लग्नानंतर गाव बदललं, घर बदललं, गॅस आला, मिक्सर आला, पण जेवून झाल्यावर बसून राहिलेलं मी त्यांना पाहिलेलं नाही. माथेरानला गेलो तेव्हाही त्या लॉजच्या स्वयंपाक्याला भाजी शिकवत होत्या. तो फोटो छापलात, तर नाचघर, घसरगुंडी, कॅसिनो काही छापू नका. एकत्र कुटुंबातल्या निम्म्या माणसांची बुकिंगं आपोआप होतील, आणि उरलेल्या निम्म्यांना त्या निम्म्या ओढून नेतील.

बाकी क्षेम. भावजींना मात्र तुमचा फोटो पुन्हा पाठवू नका.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपली,
कु. आणि चि. यांच्या वयापुढे हात टेकलेली एक सून

ता. क. : इस्त्री आणि पाण्याची किटली खोलीत चालत नाही, आगीची भीती, हे समजलं. तुमच्या सदऱ्यांना सुरकुती का नाही, हे मी विचारत नाही. पण नाना पहाटे चारला उठतात आणि सव्वाचारला त्यांना चहा लागतो, आल्याचा, दुधाचा. एजंट म्हणतो ‘कॉफी मशीन चोवीस तास आहे’. कॉफी नको आहे. चहा कुठल्या मजल्यावर मिळेल तेवढं कळवा. तोपर्यंत आगाऊ रक्कम भरणार नाही, असं नानांनी सांगितलं आहे.