रुमालातले दप्तर आणि दूरस्थ सर्व्हर

1 मे 2018 रोजी सरकारने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा प्रचलित केला, आणि ज्यातील हस्ताक्षर वाचण्याची विद्या एका तलाठ्याकडून दुसऱ्याकडे केवळ गुरुपरंपरेनेच संक्रमित होत असे, त्या रुमालात बांधलेल्या दप्तराचा अंमल संपला, असे पुण्यामुंबईच्या विद्वज्जनांनी गृहीत धरले. झरी जामणीच्या कास्तकारापुढील निवड मात्र इतकी तात्त्विक नाही : पूर्वी तलाठी रजेवर असला म्हणजे काम अडे, आता तलाठी साक्षात समोर बसलेला असूनही सर्व्हर बंद म्हणून अडते. (सर्व्हरला रजेचा अर्ज करावा लागत नाही, एवढी प्रगती मान्य केलीच पाहिजे.) शिवाय संगणकात नोंदवताना वगळलेले एखादे नाव महसूल अधिनियमाच्या कलम 155 अन्वये दुरुस्त करून घ्यायचे, तर तहसील कचेरी पुरावा म्हणून मागते तो जुना हस्तलिखित सातबाराच.