परमादरणीय बॅटरीवाले भाऊ यांस

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

अकोल्यात आपण दुकान थाटलंत, हे आम्हा गाडीवाल्यांचं भाग्य. बॅटरीचा खरा वैरी ऊन, आणि इथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. बॉनेटखालचा ताप त्याहून चढा. आतलं पाणी उडतं, शिशाच्या प्लेटा लवकर गंजतात, आणि गिऱ्हाईक पुन्हा आपल्या पायरीशी येतं. मे २०२४ मध्ये तर उन्हापायी प्रशासनाने जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं. ते माणसांसाठी. दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या आपल्या नव्याकोऱ्या बॅटऱ्यांना तो आदेश लागू नसावा. त्या निमूटपणे जागेवर बसून राहिल्या.

त्यांतलीच एक दिवाळीनंतर माझ्या वाट्याला आली, त्याबद्दल किती आभार मानू? आपण खांद्यावरच्या दुपट्ट्याने तिच्यावरची धूळ पुसलीत. ती कोणत्या महिन्यात बनली, असं विचारण्याचा उद्धटपणा मी केला. बॅटरीवर निर्मितीचा कोड कोरलेला असतो आणि चार्जिंगविना महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी आतून मरत जाते, असं कुठेसं वाचलं होतं. आपण कोडावर तळहात ठेवून म्हणालात, ‘नवीनच हाय भाऊ, सील पाहा ना!’ सील खरंच सुंदर होतं.

पण त्याआधीच्या आपल्या निदानाची थोरवी सांगायलाच हवी. गाडी सकाळी नुसती कटकट करत होती. आपण बॉनेट उघडलंत, दोन्ही टर्मिनलांवर पाना आडवा टेकवलात, ठिणगी उडाली, आणि निकाल लागला : ‘गेली भाऊ, बदलावी लागते.’ बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगीने तो पेटला तर अ‍ॅसिड तोंडावर उडतं, असल्या क्षुल्लक विचाराने आपला हात थरथरला नाही. मल्टिमीटर लावण्याचा भित्रेपणा तर आपण मुळीच केला नाहीत. रात्रभर बंद गाडीत १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू केल्यावर १४ च्या आसपास दिसायला हवेत. हे दोन आकडे पाहिले असते तर बॅटरी बिचारी ठीक असून अल्टरनेटरच तिला चार्ज करत नाही, हे तिथेच कळलं असतं. आणि मग आपला धंदा कसा व्हायचा?

माझ्या गाडीला ‘३८ बी २० एल’ लागते. आपण प्रेमाने ‘आर’ दिलीत. शेवटच्या अक्षरावरून टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते कळतं, एवढाच तो फरक. मी कुरकुरलो तेव्हा आपण म्हणालात, ‘डाव्या-उजव्याचं बॅटरीले काय समजते?’ खरं आहे. ते फक्त केबलला समजतं. ती पोचेना, म्हणून आपण वायरचा तुकडा जोडून काळी टेप गुंडाळलीत. क्लँप सैल होता, तिथे खिळा ठोकलात. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी उरली, ती मला आठवण म्हणून परत दिलीत आणि तिच्या जागी जुन्या ट्यूबचं रबर बांधलंत.

बिलाच्या बाबतीत आपण माझ्या खिशाची जी काळजी वाहिलीत, तशी सख्खा भाऊ वाहणार नाही. ‘पक्क्या बिलाले अठ्ठावीस टक्के लागतात. बिल कायले पाह्यजे, मी हाओ ना!’ २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि छापील किमतीत कर धरलेलाच असतो, ही बातमी आपल्या गल्लीत पोचायची असावी. वॉरंटी तोंडी, चोवीस अधिक चोवीस महिन्यांची. पहिले चोवीस महिने फुकट बदलून; पुढचे चोवीस महिने छापील किमतीवर सूट, म्हणजे शेजारचा दुकानदार कोणालाही मागितल्यावर देतो जवळपास तेवढीच.

जानेवारीत गाडी मूर्तिजापूरजवळ, रात्री, हेडलाइटसकट विझली. जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर अंथरून ज्या अमरावती-अकोला रस्त्याने गिनीज बुकात नाव नेलं, त्याच्या कडेला कुडकुडत मी आपल्याला फोन लावला. आपण झोपेतही सल्ला दिलात : ‘ऊन लागलं असन बॅटरीले.’

सकाळी तिथल्या मिस्त्रीने मीटर लावला आणि अल्टरनेटरवर बोट ठेवलं. ते मी आपल्या कानी घातलं, तर आपण किती न्यायनिष्ठुर! ‘मंग बॅटरीचा दोष नाई ना भाऊ, गाडीचा हाय.’ बॅटरी विकण्याआधी जे आपल्याला दिसलं नाही, ते विकल्यानंतर लख्ख दिसलं. तरीही रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून आपण स्टिकर सोलून झाकणं उघडलीत आणि पिण्याच्या जारमधलं पाणी ओतलंत. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरच चालतं; क्षारांनी प्लेटा खराब होतात. खारपाणपट्ट्यात जन्म काढलेल्या माणसाला क्षार म्हणजे काय, हे मी सांगू?

जाता जाता माझ्या जुन्या बॅटरीची खुशाली कळवावी. आपण ती भंगार म्हणून शंभराच्या दोन नोटांत घेतलीत. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसं होतं आणि ती मुळात धडधाकट होती. हल्ली कोणाच्या ऑटोत नांदते? जुन्या बॅटऱ्या रीतसर पुनर्वापराकडे पाठवण्याचे नियम २००१ मध्ये आले, २०२२ मध्ये नवे आले. आपण पुनर्वापर शब्दशः केलात.

हात जोडून एकच मागणं. बॅटरी दिलीत त्या तारखेचं, तिचा नंबर लिहिलेलं पक्कं बिल द्यावं आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारावा. मीटर मी घेतलाय. हवा तेव्हा मागून न्यावा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला नम्र गिऱ्हाईक

ता. क. : मागूनही बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.