पाचशे घोड्यांच्या चिरंजीव सरदारांस

श्रीमंत राजमान्य राजश्री पंचशताश्वाधिपती चिरंजीव यांचे सेवेशी, कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

आपले वय एकोणीस आणि माझे त्र्याहत्तर. आपण आमच्याच इमारतीच्या जिन्यावरून रांगत खाली आलेले मी पाहिले आहे. तेव्हा रीतीप्रमाणे आरंभी आशीर्वाद लिहून पुढील मजकूर ‘तू’ने चालवावयास हवा होता. परंतु गेल्या वाढदिवसास तीर्थरूपांनी आपणांस जी जर्मन मोटार नजर केली, तिच्या पोटात पाचशे अश्वशक्ती वास करते असे वॉचमनकडून समजल्यापासून, पाचशे घोड्यांच्या धन्यास एकेरीत संबोधण्याची माझी छाती होत नाही.

सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था लिहून ठेविली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी व एक नालबंद. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला, तो आपणांपाशी चार जुमलेदार, वीस हवालदार, वीस पखालजी व तितकेच नालबंद निघतात. आणि एवढा सगळा सरंजाम, ज्याला पूर्वी मुक्काम हलवावयास अर्धा दिवस लागे, तो आपल्या उजव्या पायाच्या चवड्याखाली, तोही बुटाच्या नाड्या न बांधता, सदैव हुकमाची वाट पाहत उभा असतो. माझी स्वतःची पहिली मोटार म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी. तिच्यात सुमारे चाळीस घोडे होते, आणि त्यांपैकी निम्मे खंडाळ्याच्या घाटात रजेवर जात. असो.

एका बाबतीत मात्र माझा दप्तरी गोंधळ उडाला आहे. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि ज्यास घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर, असा त्या काळचा भेद. आता मोटारीचे कागद तीर्थरूपांच्या कंपनीच्या नावे, विमा कंपनीच्या खात्यातून, कर्जाचे हप्ते कंपनीच्या खर्चात आणि पेट्रोलची दाणावैरण मातोश्रींच्या कार्डावर. असे असता समाजमाध्यमावर ‘माझी गाडी’ म्हणून आपण जी द्वाही फिरविता, ती ऐकून मी आपणांस शिलेदारांत दाखल करावे की बारगिरांत? बारगीर म्हणावे तर बारगिराच्या डोक्यावर हवालदार असे, तो घोड्याची पाठ पाही, खोगिराखालची जखम पाही, आणि दाण्याचा हिशेब मागे. आपल्या डोक्यावर उघडझाप करणारे काचेचे छत तेवढे आहे.

चिपळुणास छावणीला असलेल्या जुमलेदार-हवालदारांस महाराजांनी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात तलवारीच्या पराक्रमाचा शब्द नाही. दाणावैरण बेताने वापरा, रयतेची भाजी विकत घ्या, फुकट नेऊ नका, रात्री दिवे जळते ठेवाल तर उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंजीस आग लागेल, अशा बारीकसारीक गोष्टी आहेत. चार जुमल्यांच्या धन्याने हे पत्र वाचावयास हरकत नाही. रात्री दीड वाजता आपण नळकांड्यातून जे फटाके उडविता, त्यांनी तळमजल्यावरच्या आजोबांची झोप जाते. ती रयतेची भाजीच समजावी.

आता आपल्या मोहिमांविषयी. गणेशखिंड रस्त्यावर सायंकाळी साडेसहा वाजता आपल्या पाचशे घोड्यांचा तळ पडलेला मी बसच्या खिडकीतून पाहिला; पुढे वडापावची हातगाडी, मागे महापालिकेचा कचऱ्याचा ट्रक, आणि मधून एक सायकलस्वार शीळ घालीत निघून गेला. त्याहून मनोहर देखावा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर नित्य घडतो. चार सेकंदांत ताशी शंभर किलोमीटर गाठणारे हे वाहन तेथे येताच थबकते, नवी नवरी उंबऱ्यावरचे माप ओलांडताना जशी अवघडते तसे अवघडते, मग तिरके होऊन एकेक चाक जपून वर घेते, आणि तरीही पोटाखालून खर्रर असा आवाज येतोच. त्यावेळी आपल्या मुद्रेवर जी करुणा उमटते, ती पाहून रस्ता ओलांडण्यासाठी खोळंबलेल्या म्हाताऱ्यांना वाटते, एवढी करुणा आमच्या वाट्याला केव्हा येईल?

सृष्टीचे नियम फार उद्धट आहेत हो. ताशी शंभराच्या वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर जाते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबण्याचे अंतर चौपट होते. मोटारीच्या पाटीवर ४१४१ हा आकडा ‘दादा’ असा वाचता येतो म्हणून त्यात एका वितीचीही सूट मिळत नाही. सरकार त्या मानाने कनवाळू आहे. शिकवणीच्या ज्या लहानशा गाडीत शेजारच्या गुरुजींच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता, तिच्यावर मिळविलेला परवाना पाचशे घोड्यांनाही चालतो. उलट ज्या इटलीत फेरारीचा उधळलेला घोडा जन्मास आला, तेथील सरकारने नव्या परवानेधारकास पहिली तीन वर्षे १०५ किलोवॅटच्या, म्हणजे सुमारे १४० अश्वशक्तीच्या, वर जाण्यास मज्जाव केला आहे. घोडे पैदा करणाऱ्यांस घोड्यांची ओळख अधिक, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

आमच्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आले. अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकास अगर मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. आपण अठरा पूर्ण केल्यामुळे तीर्थरूप या कलमातून निसटले. त्या दिवशीचा केक खरे तर त्यांनीच कापावयास हवा होता.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात अशाच एका मोटारीच्या धडकेने दुचाकीवरचे दोन अभियंते ठार झाले. चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. कोटीच्या घरातील त्या मोटारीची कायम नोंदणी १,७५८ रुपये न भरल्यामुळे राहून गेली होती. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, त्याच्या शर्तींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची शर्त होती. मी पन्नास वर्षे निबंध लिहीत आलो. या वाङ्मयप्रकारास संपादकांनी कधी चहापलीकडे मोल दिले नाही, आणि येथे तीनशे शब्दांची किंमत एवढी ठरलेली पाहून माझी मान अभिमानाने ताठ व्हावी की खाली जावी, हे मला अद्याप उमगलेले नाही. लोकक्षोभानंतर तीन दिवसांत तो हुकूम फिरला, पुढे वरच्या न्यायालयाने मुलास सोडले, आणि रक्ताच्या नमुन्यांच्या अदलाबदलीचे आरोप न्यायासनापुढे आहेत. त्यावर मी लिहू नये. मरण पावलेले दोघे चोवीस वर्षांचे होते, आपणांहून पाच वर्षांनी वडील.

कळावे, लोभ आहे तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपला,
तळमजल्यावरील रयत

ता. क. बाळ, काल रात्री गतिरोधकापाशी तुझ्या गाडीच्या हनुवटीचा काळा तुकडा तुटून पडला होता. लहान मुले त्याची तलवार करून खेळत होती, म्हणून काढून घेतला आणि माझ्या खाटेखाली ठेवला आहे. दुपारी दोन ते चार मी झोपतो; त्याव्यतिरिक्त केव्हाही ये, पायीच ये.