पुण्य त्याचं, बिल सगळ्यांचं

गोव्याला निघालेल्या प्रत्येक कंपूत एक कर्ण असतोच : ‘बिल मी भरतो, तुम्ही मला यूपीआय करा.’ दहा जणांचं विमान, हॉटेल, सुरमईची थाळी, सगळं त्याच्या क्रेडिट कार्डावर. पॉइंटही अर्थातच त्याचेच. अनेक कार्डांचा एक पॉइंट जेमतेम २५ पैशांचा. त्यासाठी वार्षिक फी, वर १८ टक्के जीएसटी. विमानतळावर २ रुपयांसाठी कार्ड घासून तो लाउंजमध्ये ‘फुकट’ उपमा खातो. बाकीचे नऊ जण बाहेर दीडपट भावाचा वडापाव. पुढे कुणी यूपीआय करायचं विसरतं आणि बँक थकबाकीवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावते. तेव्हा मात्र कर्णाला आठवतं, की सहल सगळ्यांची होती!