गुडघ्याचा पट्टा: वापर, विजार आणि वहिवाट

सदर मार्गदर्शिका कोल्हापूर शहर व करवीर तालुक्यातील अशा गृहस्थांसाठी आहे, ज्यांचा गुडघा कुरकुरतो, पण ज्यांना स्वतःला काहीही झालेलं नसतं. नमुना म्हणून आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, घेतले आहेत. त्यांची परवानगी घेतलेली नाही.

कलम १. खरेदी. नी-कॅप मापानं घ्यावी, अब्रूनं नव्हे. उभं राहून वाटीच्या मध्यावर टेप धरावी, शिवाय खोक्यावर लिहिलं असेल तितक्या अंतरावर मांडीचा घेर मोजावा, आणि येईल तो आकडा मान्य करावा. मामांनी दुकानात शिरताच ‘एक्स्ट्रा लार्ज’ मागितली, कारण तालमीत जात होते तेव्हा मांडी तशी होती. ती नी-कॅप महाद्वार रोडवर पोचेपर्यंत पोटरीवर उतरली होती. बदलून आणायला अर्थातच मी गेले. रुंद तोंड मांडीकडे, अरुंद पोटरीकडे, आणि मधल्या भोकात वाटी बरोब्बर बसली पाहिजे, हेही तिथंच विचारून आले.

कलम २. आत की बाहेर? या विषयावर शास्त्राचं म्हणणं थोडक्यात आहे. पट्टा थेट कातडीवर किंवा पातळ सुती कापडावर बांधावा. जाड पँटवरून बांधला तर तो घसरतो आणि गुडघ्याच्या मागं कापडाच्या चुण्या रुततात. शास्त्र इथं संपतं आणि मामांची वहिवाट सुरू होते.

केएमटीत चढताना पट्टा बाहेर, म्हणजे कुणीतरी उठून जागा देतं. लग्नात बाहेर, म्हणजे खुर्ची मिळते आणि जेवायला पहिल्यांदा बोलावतात. कपिलतीर्थ मार्केटातून भाजी आणायचा विषय निघाला की बाहेर, वर हातानं चोळणंही सुरू. मात्र संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर तालमीची जुनी मंडळी जमतात, तिथं पट्टा आत. तिथं म्हैस समोर पिळतात, ग्लास हातात येतो, आणि ‘काय वस्ताद, पाय ओढताय काय?’ असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं आहे: ‘चप्पल नवी हाय.’

खासबागेत कुस्त्या असल्या की पट्टा आतही नाही आणि बाहेरही नाही, तो घरी खुंटीला. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली सुरू झालेल्या त्या मैदानात बसून कुस्ती बघण्याची सोय उत्तम आहे. पण मामा बसत कुठं? प्रत्येक डावाला उभे. रात्री घरी येऊन म्हणतात, ‘आज पाय जरा जड वाटतोय, हवा बदलली वाटतं.’ मग हवा बदलल्याबद्दल सगळं घर गरम पाण्याची पिशवी घेऊन फिरतं.

कलम ३. वस्त्रं. धोतरात पट्टा राजासारखा राहतो. आत काय आहे ते कुणाला कळत नाही. विजारही चांगली, फक्त मोरी रुंद हवी. पँट शिवायची असेल तर शिंप्याकडे पट्टा बांधूनच जावं आणि मांडी, गुडघा, मोरी ही मापं एकदा उभ्यानं, एकदा बसून द्यावीत. बसल्यावर गुडघा फुगतो हे शिंप्यालाही सांगावं लागतं. एकच पाय सैल शिवून मागू नये. मामांनी मागितला होता.

जीन्स: नाही.

चप्पल हा नाजूक विषय आहे. फिजिओथेरपिस्टनं मागून टाच धरणारे बूट सांगितले. कोल्हापुरीला मागं बंद नसतो, बोटांनी धरून चालावं लागतं, आणि दुखऱ्या गुडघ्याला ते बरं नव्हे. मामांनी आधी २०१९ च्या जीआय मानांकनाचा दाखला दिला. २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्यापासून तर बोलायची सोयच राहिली नाही. आता रंकाळ्यावर फिरायला बूट आणि बाकी सगळीकडे चप्पल, असा तह झाला आहे.

कलम ४. घट्टपणा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. पायाचंही तसंच समजावं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. पावलाला मुंग्या आल्या की इशारा. बोटं बधिर पडली, थंड किंवा निळसर झाली, तर धोका: पट्टा लगेच सोडायचा. पोटरी सुजून दुखत असेल तर थेट डॉक्टर. रात्री झोपताना, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, काढून ठेवायचा.

कलम ५. बाम लावून वर पट्टा आवळू नये. कातडी भाजते. तांबड्या रश्शाची सवय असल्यानं आपल्याला काही होत नाही, हा समज खोटा आहे.

कलम ६. नाटकात, कीर्तनात आणि शोकसभेत व्हेल्क्रो सोडू नये.

कलम ७. व्यायाम. पट्टा हा आधार आहे. काम मांडीच्या स्नायूंनी करायचं असतं. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. एके काळी मोजदाद न ठेवता बैठका मारलेल्या माणसाला हे सांगून बघा. ‘ह्याला व्यायाम म्हणत्यात? ह्याला झोपणं म्हणत्यात.’ तरी दार लावून करतात. मोजण्याचा आवाज बाहेर येतो.

आणि पट्ट्याची खालची पट्टी. तिथपर्यंत त्यांचा हात आता पोचत नाही. ‘सूनबाई, बांध’ असं ते म्हणत नाहीत. ‘ह्या कंपनीची पट्टी लई आखूड हाय,’ असं म्हणतात. मी खाली बसून बांधते, तेवढा वेळ ते कॅलेंडर वाचतात. चालायचंच.

कलम ८. स्त्रियांसाठी. हे कलम मुळात नव्हतंच. मग एकदा पावसाळ्यात घरात बांधलेल्या दोरीवर दोन पट्टे वाळताना दिसले. दुसरा मामींचा, चांगला जुना. साडीतून कुणाला दिसला नव्हता आणि ओट्यापाशी उभं राहून भाकरी थापताना त्याविषयी त्या कधी बोललेल्या नव्हत्या. यापुढची माहिती त्यांचीच. परकर सुती आणि घेराचा घ्यावा. पट्टीचं टोक मांडीच्या बाहेरच्या अंगाला यावं, आतल्या अंगाला आलं तर चालताना परकर ओढतं. धुताना व्हेल्क्रो मिटवून, साध्या साबणानं, हातानं. पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. जोतिबाला जायचं तर पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

मामांनी हे सगळं ऐकलं आणि बराच वेळ दोरीकडे बघत बसले. त्यानंतर कपिलतीर्थची भाजी तेच आणतात, पट्टा विजारीच्या आत घालून. गवार मात्र जून निघते.