भाकरीचे भक्त

हुमनाबादहून हैदराबादच्या दिशेने निघालं की मन्नाएखेळ्ळी लागते. तिथे हायवेलगत चहाला थांबा आणि शुगरचा विषय काढून बघा. अख्खं बाकडं एका सुरात सांगेल, "भात सोडा, जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) खावा." सांगणाऱ्यांच्या बशीत तेव्हा मिरची भजी असतात आणि कपातल्या चहात साखर तळाला बसलेली असते.

सल्ला मात्र चोख आहे. याच ६५ नंबरच्या महामार्गाने पुढे हैदराबाद गाठलं की राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत तंतू दहा ग्रॅम, तर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमही नाहीत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीने देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज दिला. तेव्हापासून आमच्याकडे ज्वारीची भक्ती वाढली. ज्वारी खाणं तेवढं राहून गेलं.

दोष कुणाचा, तर म्हणे बायकांचा. "हल्लीच्या सुनांना भाकरी येत नाही." हे वाक्य बोलणाऱ्या मामांनी उभ्या जन्मात परातीला हात लावलेला नसतो. त्यांच्या माहितीसाठी सांगते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून उकळतं पाणी घालायचं, तळहाताने रगडायचं, दर भाकरीला गोळा नव्याने मळायचा, थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग विस्तवावर फुगवायची. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी परातीतच तुटते, म्हणून गिरणीच्या खेपा वेगळ्या. घरात सहा माणसं, माणशी दोन, वेळा दोन. गुणाकार मामांनी करावा.

समोर काय आहे? २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा रेशनचा तांदूळ. धुवा, कुकरला लावा, तीन शिट्ट्या. रोजगाराला जाणारी बाई कोणती बाजू घेईल हे सांगायला पोषणतज्ज्ञ कशाला हवा? तांदळाने ज्वारीला हरवलं ते चवीवर नाही आणि अडाणीपणामुळे तर नाहीच नाही. शेतातही तेच. काढणीला, मोडणीला मजूर मिळेना, म्हणून ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, ऊस आला. मग उसाची साखर चहात आली आणि बाकड्यावर चर्चेला विषय आला.

वर्षातून एक दिवस मात्र आम्ही सगळे आदर्श आहार घेतो. मार्गशीर्ष अमावास्या, आमची येळवस. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, पूजा झाली की रानातच पंगत. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि हाताला लागेल ती भाजी घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची ताकातली आंबील. डाळी, पालेभाज्या, भरड धान्य, आंबवलेलं ताक: आहारतज्ज्ञांनी पैसे घेऊन लिहून द्यावं असं ताट. आदल्या रात्री ते रांधायला कोण जागतं, हे पंगतीत कुणी विचारत नाही. "काय चव आहे!" म्हणायचं, आंबिलीचा तिसरा तांब्या रिचवायचा आणि कोपीतच आडवं व्हायचं.

रोजच्या थापण्यावर या भागातल्या बायकांनी जुना तोडगा काढून ठेवलाय, कडक भाकरी. एकदाच ढीगभर करायची, पापडासारखी वाळवायची, आठवडेच्या आठवडे टिकते. कलबुर्गीत बचतगटांच्या बायकांनी तिचा धंदा उभा केला, 'कलबुर्गी रोट्टी' म्हणून ती बेंगळुरूपर्यंत गेली आणि जून २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही तिचं नाव घेतलं. मला ही बातमी येळवशीपेक्षा गोड वाटली. कारण त्याच थापण्याला इथे दाम मिळतो. घरात थापली की ती माया, बाजारात थापली की मजुरी. मजुरी बरी. (कडक भाकरीबरोबर तेलात बुडवलेली शेंगाचटणी आणि वर लोणचं घेणाऱ्यांनी दिवसाला पाच ग्रॅम मीठ ही मर्यादाही लक्षात ठेवावी. ती बाकड्यावर कुणी सांगत नाही.)

डॉक्टरसाहेबांना एक विनंती आहे. चिठ्ठीवर 'दोन वेळा ज्वारीची भाकरी' लिहिता, ते छानच. पण ती चिठ्ठी घेऊन पेशंट घरी येतो आणि बायकोच्या हातात देतो. गोळ्या स्वतः गिळतो, भाकरीचं औषध मात्र तिने बनवायचं. तेव्हा पुढच्या वेळी भाकरीच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहा: 'पेशंटने स्वतः थापावी.' पहिले काही दिवस ती नकाशासारखी होईल. होऊ द्या, नकाशातही तंतू तेवढेच असतात.